सभेचा पत्ता आणि सोबत

बाळकुम नाक्यावर दारू कोठे मिळते हे कोणाला विचारावे लागत नाही. दुकानांना पाट्या असतात, पाट्यांवर दिवे असतात आणि सायंकाळी गर्दीच वाट दाखवते. दारू सोडू पाहणाऱ्यांची सभा कोठे भरते, हा प्रश्न मात्र त्याच नाक्यावर विचारला तर ऐकणारा आधी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहील आणि मग फार तर एखाद्या 'केंद्रा'चे नाव सांगेल, जेथे माणसाला कोंडून ठेवतात असे त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असते. हे अज्ञान एकट्या बाळकुमचे नव्हे. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत, शिकलेल्या घरांतही हीच स्थिती आहे. दारूचे दुष्परिणाम सांगणाऱ्या भित्तिपत्रकांचा आणि शाळांतून घेतल्या जाणाऱ्या शपथांचा तुटवडा नाही. ज्याला ते परिणाम स्वतःच्या यकृतावरून आणि घरातील शांततेवरून केव्हाच कळले आहेत, त्याने उद्या सायंकाळी सात वाजता कोठे जावे, हे सांगणारा कोणी नाही.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या स्थितीला आकड्यांचे रूप मिळाले. देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यांतील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे पिणे घातक किंवा पूर्ण अधीनतेचे आहे. मद्याच्या अधीन झालेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेले तर १८० मागे एक. उरलेल्या ३७ जणांना मदत नको होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांतील कितीतरी जणांनी देवासमोर, आईसमोर, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दारू सोडलेली असते. ती सुटत नाही, कारण ती एकट्याने सोडायची असते आणि प्यायला मात्र चार जण असतात.

राम गणेश गडकऱ्यांना हे शंभर वर्षांपूर्वी दिसले होते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'मध्ये तळीरामाचे 'आर्यमदिरामंडळ' आहे. त्या मंडळाच्या बैठका होतात, तेथे चर्चा होतात, नव्या माणसाचे स्वागत होते. पेल्याची बाजू संघटित आहे. सुधाकर दारू सोडायचे ठरवतो तेव्हा त्याच्या बाजूला पतिव्रता सिंधू आहे, मित्र रामलाल आहे. पण स्वतः त्या वाटेने जाऊन परत आलेला एकही माणूस नाही. नोकरीच्या शोधात पदरी मानहानी येते आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. प्रेक्षकांनी पिढ्यानुपिढ्या सिंधूसाठी अश्रू ढाळले. न पिणाऱ्यांचेही एखादे मंडळ असावे, असा विचार मात्र त्या अश्रूंतून निघाला नाही.

तो निघाला अमेरिकेत, आणि तोही पिणाऱ्यांनाच सुचला. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा एक शेअर व्यवसायातील मनुष्य, बिल विल्सन, कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी आला होता. काम फसले आणि पिण्याची ओढ अनावर झाली. त्या वेळी त्याने धर्मोपदेशकांना फोन करून आपल्यासारखाच दुसरा कोणी मद्यासक्त भेटेल का, असे विचारले. त्यातून त्याची गाठ बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. दोघे बोलत बसले. विल्सन उपदेश करीत नव्हता. स्वतः प्यायचे टाळण्यासाठी त्याला दुसऱ्याशी बोलण्याची गरज होती. १० जून १९३५ हा डॉ. स्मिथ यांच्या अखेरच्या पेल्याचा दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो. बारा पायऱ्यांचा ग्रंथ १९३९ मध्ये निघाला. संघटनेने कसे वागावे हे सांगणाऱ्या बारा प्रथा १९५० मध्ये स्वीकारल्या गेल्या. 'एए' या दोन अक्षरांनी ओळखली जाणारी ही चळवळ १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पोहोचली. म्हणजे ती कोणी काल आणलेली परदेशी टूम नव्हे. मुंबईत तिने साठाहून अधिक वर्षे काढली आहेत.

या सभेत काय चालते, याविषयीच्या कल्पना मोठ्या विचित्र असतात. कोणाला वाटते की तेथे औषध देतात, कोणाला वाटते की नाव लिहून घेऊन घरी कळवतात, कोणाला ते धर्मांतराचे ठिकाण वाटते. प्रत्यक्षात एक खोली असते, बहुधा शाळेची किंवा चर्चच्या आवारातली. काही खुर्च्या, चहा, तास-दीड तासाचा अवधी. कोणी तरी थोडे वाचून दाखवतो. मग एकेक जण आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यासक्त आहोत असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो: कसे प्यालो, काय गमावले, आता कसे राहतो. मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही, वाद घालीत नाही. नवख्याने काही न बोलता ऐकत बसले तरी चालते. हजेरीपट नाही, फी नाही. शेवटी पेटी फिरते, तीत ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे टाकावे. सभासदत्वाची एकच अट आहे आणि ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. काही सभा केवळ मद्यासक्तांसाठी असतात. काही खुल्या असतात आणि त्यांना घरच्यांनी, शिक्षकांनी, अभ्यासू विद्यार्थ्यांनीही बसावे. घरच्यांसाठी १९५१ साली 'अल-ॲनॉन' ही वेगळी संघटना निघाली आणि तिच्या सभाही अशाच रीतीने चालतात. तेथे पिणाऱ्याला सुधारण्याच्या युक्त्या शिकवीत नाहीत. त्याच्या पिण्याभोवती स्वतःचे सगळे आयुष्य कसे गुंडाळले गेले आहे, हे बायको तेथे प्रथम मोठ्याने बोलते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, कारण चांगल्या हेतूचे लोक ती नेमकी विसरतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर जिवाला धोका असतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरकाप, ताप आणि नसलेली माणसे दिसणे अशी अवस्था ओढवू शकते व वेळीच उपचार न झाल्यास ती प्राणघातक ठरते. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी झाली आणि दारूची दुकाने एका दिवसात बंद पडली, तेव्हा देशभरातील डॉक्टरांसमोर असे रुग्ण आले. म्हणून अशा माणसाने आधी डॉक्टरकडे जावे, शरीरातून दारू उतरण्याचे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली काढावेत आणि मग सभेला जावे. सभा हा औषधाला पर्याय नव्हे. औषधाचे काम आठ-दहा दिवसांत होते. सभेचे काम त्यानंतरच्या संध्याकाळी सुरू होते.

सभांचा उपयोग होतो काय, हा प्रश्न रास्त आहे. संघटना सभासदांची नोंद ठेवीत नाही, त्यामुळे किती आले आणि किती गळाले याचा हिशेब तिच्याकडे मागता येत नाही. दोन सभांनंतर पुन्हा न फिरकणारे पुष्कळ असतात. परंतु २०२० साली कॉक्रन या संस्थेने २७ अभ्यासांचा आणि १० हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला पद्धतशीरपणे या सभांशी जोडून देणारे उपचार आणि इतर मान्य मानसोपचार यांची त्यात तुलना होती. वर्षभरानंतर पूर्णपणे मद्यमुक्त असणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात शंभरात ४२ होते, दुसऱ्यात ३५. हा चमत्कार नव्हे. पण जी गोष्ट फुकट मिळते आणि जन्मभर मिळते, तिच्या बाजूने हा कौल लहान नाही.

देवाचे नाव घ्यावे लागते, ही दुसरी शंका. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख आहे खरा. परंतु तो ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक त्यातच आहे आणि कित्येक नास्तिकांनी सभेलाच आपल्याहून मोठी शक्ती मानून काम भागवले आहे. महाराष्ट्रात तर याचे नवल वाटण्याचे कारण नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की पेला सुटला, ही रीत वारकऱ्यांची आहे. माळ घालणारा एकटा नसतो. दिंडीत त्याच्या पुढेमागे माळकरी असतात, सप्ताहात त्याला टाळ धरावा लागतो, आणि तो चुकला तर ओळखणारे शेजारीच असतात. खेड्यापाड्यांतील किती घरे या माळेने सावरली याची गणती कोणी केलेली नाही. तरीही बारा पायऱ्यांची सभा आणि भजनी मंडळ यांत फरक आहे. माळ तुटली की माणूस तोंड चुकवू लागतो. सभेत घसरलेल्या माणसाने दुसऱ्याच दिवशी यावे आणि काल प्यालो असे सांगावे, अशी अपेक्षा असते. त्याला कोणी बाहेर काढीत नाही.

या परिसराला या विषयातील जाणत्यांची उणीव नाही. फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. तेथून बाहेर पडणाऱ्यांसाठी पाठपुराव्याच्या बैठका आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो. ठाण्यात तर १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, आणि मुक्तांगणाशी प्रारंभापासून निगडित असलेले डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी आपली संस्था याच शहरात काढली. ज्ञान आहे, माणसे आहेत, अनुभव आहे. तरी बाळकुमच्या माणसापर्यंत त्यातले किती पोहोचते?

बाळकुम हे एक गाव राहिलेले नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. कापूरबावडीहून कशेळीच्या पुलाकडे, भिवंडीच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर हे आगरी-कोळ्यांचे मूळ गाव. खाडी, मासेमारी, भातशेती हा त्याचा जुना संसार. मग शेजारच्या कोलशेत रस्त्यावर रासायनिक कारखाने आले, पाळ्या आल्या, पगार आले. पुढे ते कारखाने मिटत गेले आणि त्यांच्या जागांवर उंच गृहसंकुले उभी राहिली. आज तीन प्रकारचे लोक एकाच नाक्यावरून जातात: जमिनीचे पैसे आलेली किंवा गेलेली जुनी घरे, कारखान्यातून बाहेर पडलेला कामगार, आणि विसाव्या मजल्यावर राहणारा कर्जबाजारी नोकरदार. तिघांचे पिणे वेगळे दिसते. पहिल्याचे हळदीच्या मांडवात उघड असते, दुसऱ्याचे नाक्यावर, तिसऱ्याचे बंद दाराआड चांगल्या काचेच्या ग्लासात. चौथे पिणे कोणाच्याच नजरेस पडत नाही. ते घरातल्या बाईचे. तिला सभेची गरज सर्वांत जास्त, आणि रात्री आठ वाजता कोठे निघालीस या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी सर्वांत कमी.

अशा ठिकाणच्या माणसाने सभा शोधायची ठरवली तर त्याच्यापुढे अडचणी येतात त्या साध्या, ऐहिक स्वरूपाच्या. जागा देण्यात चर्चने प्रथमपासून औदार्य दाखवले, म्हणून मुंबई-ठाण्यातील पुष्कळ सभा चर्चच्या आवारात भरतात. त्या औदार्याचीच मराठी कामगाराला फाटकाशी भीती वाटते. सभा मराठीत आहे की इंग्रजीत, हे आधी कळत नाही. मुंबईतल्या सभेला जायचे तर बाळकुमहून स्टेशन, तेथून लोकल, परतताना रिक्षा. पाळी करून आलेल्या माणसाने हे आठवड्यातून तीनदा करावे म्हणणे सोपे आहे. पहिले नव्वद दिवस शक्यतो रोज सभेला बसावे, असा जुन्या सभासदांचा सल्ला असतो. तो पाळायचा तर सभा पायी जाण्याच्या अंतरावर हवी. अर्थात, पहिल्या खेपेस कित्येकांना आपल्या गावाबाहेरची सभाच बरी वाटते, कारण तेथे चुलत्याचा साडू भेटण्याचा संभव कमी. त्यात गैर काही नाही. ओळखीची भीती ओसरली की घराजवळची सभा गाठावी.

मुळात 'अनामिक' या शब्दाचा अर्थच चुकीचा घेतला गेला आहे. अनामिक असायचा तो सभासद; सभेची खोली, वार आणि वेळ ही काही गुपिते नव्हेत. तरीही महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, प्रसूतिगृहात, वॉर्ड कार्यालयात, नाक्यावरच्या दवाखान्यात परिसरातील सभांचा कागद लावलेला क्वचितच दिसतो. लसीकरणाच्या तारखा लागतात, मालमत्ता कराच्या सवलती लागतात, हाही एक कागद लागावा. त्याला खर्च नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तोही त्याच कागदावर असावा.

पण केवळ कागदाने भागणार नाही, आणि याचा पुरावा फार जुना आहे. १९८१ साली अमेरिकेत वीस रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. दहा जणांना सभेचा पत्ता व वेळ देऊन जाण्यास सांगण्यात आले. उरलेल्या दहा जणांसाठी समुपदेशकाने त्यांच्यादेखतच एका सभासदाला फोन लावला. त्या सभासदाने बोलून सोबत येण्याचे मान्य केले. पहिल्या दहांपैकी सभेला एकही गेला नाही. दुसरे दहाही गेले. वीस माणसांच्या प्रयोगावरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. पण ज्याने कधी स्वतःच्या लाजेशी झुंज घेतली आहे त्याला या निकालाचे आश्चर्य वाटणार नाही. खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलेले किती असतील! डॉक्टरने चिठ्ठीवर 'दारू बंद' असे लिहून देण्याऐवजी समोरच एक फोन लावला, तर त्या चिठ्ठीला अर्थ येईल.

हेच शिक्षकाला आणि कारकुनालाही लागू आहे. कोणत्या मुलाचा बाप पितो हे वर्गशिक्षकाला तिसऱ्या महिन्यात कळलेले असते. सोमवारी कोण गैरहजर असतो आणि त्याचा अर्ज कोणाच्या हस्ताक्षरात येतो, हे आस्थापना विभागातील कारकुनाला ठाऊक असते. दोघेही ते सभ्यपणाने झाकतात. हा सभ्यपणा माणसाला मारतो, असे म्हटले तर कठोर वाटेल, पण त्यात अतिशयोक्ती नाही. रजेचा अर्ज सांभाळून घेणारा सहकारी त्या माणसाला आणखी एक वर्ष पिण्याची सवलत देत असतो. चारचौघांत उपदेश करण्याऐवजी त्याने एखाद्या खुल्या सभेला स्वतः एकदा जाऊन बसावे, तेथे एखाद्या सभासदाची ओळख करून घ्यावी आणि वेळ येईल तेव्हा ती ओळख उपयोगात आणावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्थांचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश केला आहे. कचेऱ्यांची भाषा मात्र अद्याप 'वर्तणूक असमाधानकारक' या शेऱ्यापुढे गेलेली नाही.

सरकारकडून अपेक्षा करावी ती बेताचीच. या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा नाव बदलून आजही पुस्तकात आहे. प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी मद्य बाळगण्याचा परवाना त्याखाली मिळतो, आणि मद्यावरील कराने तिजोरी भरते. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. बायकांनी मतदान करून दुकान बंद करण्याची, बाटली आडवी करण्याची जी तरतूद आहे तिचे मोल आहेच. पण दुकान बंद झाल्याने पिणाऱ्याला बसण्यासाठी दुसरी जागा मिळत नाही. अशा सभांची सरकारी योजना करावी, अनुदान द्यावे, असे कोणी सुचवील तर ते त्यांच्या मुळावर येईल. बाहेरची देणगी न घेण्याचा त्यांचा नियम आहे. शिवाय अनुदानामागून उद्घाटन येते, आणि उद्घाटनामागून नगरसेवकाच्या छायाचित्राचा फलक. ज्या खोलीत लोक आडनाव टाकून येतात, तिच्या दारावर एवढे मोठे आडनाव नको.

त्यांना हवी आहे ती भाड्याची खोली. महापालिकेच्या शाळा सायंकाळनंतर रिकाम्या असतात. गृहसंकुलांची सभागृहे वाढदिवसांखेरीज बंद असतात. संकुलातील खोली मागितली की 'येथे कुटुंबे राहतात' हे उत्तर ठरलेले, जणू दारू पिणारे कुटुंबाबाहेर राहतात. २०२० साली कोविडच्या लाटेत ठाणे महापालिकेने याच बाळकुम-साकेत परिसरात एक हजाराहून अधिक खाटांचे रुग्णालय उभे केले. तेथे आता आठवड्यातून तीन संध्याकाळ, तास-दीड तास, एक वर्गखोली एवढेच हवे आहे. भाडे नाममात्र असावे, पण घ्यावे. सभासद ते पेटीतून देतात आणि दिल्याचा त्यांना अभिमान असतो. खोली तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूने दार असलेली बरी. एक सभा दुपारची असावी, म्हणजे बायकांना मुले शाळेत असताना येता येईल. किल्ली शिपायाकडे राहील आणि त्याने आत कोण गेले हे पाहू नये, एवढे मुख्याध्यापकांनी त्याला सांगून ठेवावे.